साधे, सोयीचे आणि योग्य

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तिला सगळे पाठीमागे 'इस्त्री सिस्टर' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. तिच्या बाहीच्या घडीने काकडी चिरता येईल, असं तिथला एक डॉक्टर म्हणायचा. चौदा वर्षं तिने सकाळी उठून अंघोळ केली आणि खुंटीवरचा पांढरा गणवेश अंगात चढवला. आज काय घालू, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

मग कंबरेने दगा दिला. पेशंट उचलण्याचं काम यापुढे जमणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि तिची बदली मनोविकार वॉर्डात झाली. बदलीच्या कागदाला टाचणीने आणखी एक चिटोरं जोडलेलं होतं. 'या विभागातील परिचारिकांनी गणवेश घालू नये. साधे, सोयीचे व योग्य कपडे घालावेत.'

साधे म्हणजे काय ते कळलं. सोयीचे तेही कळलं. योग्यपाशी तिची गाडी अडली.

शुक्रवारी ती नव्या वॉर्डाच्या इन्चार्जबाईंना भेटायला गेली. बाई बुटक्या आणि तुटक बोलणाऱ्या. समोरच्या फायलीतून मान वर न काढता त्यांनी यादीच सांगितली.

"गळ्यात काही नको. साखळी नको, स्कार्फ नको, कुणी ओढलं तर पंचाईत. कानात लोंबतं नको. नाडी नको, पट्टा नको. केस घट्ट बांधायचे. घड्याळ नको, झटापटीत ओरखडे उठतात. भडक नको, नक्षीचं नको, काहींना त्यात चेहरे दिसतात. आणि पांढरं तर बिलकूल नको."

"पांढरं का नको?"

"पांढरं दिसलं की माणसं बोलायची थांबतात आणि दंड पुढे करतात."

बाहेर व्हरांड्यात वॉर्डातले जुने ब्रदर भेटले. त्यांच्या अंगात मातकट शर्ट होता. "यादी मिळाली ना?" ते म्हणाले. "ऐका त्यांचं, पण सगळंच मनावर घेऊ नका. आम्ही सगळे असे चिखलाच्या रंगात फिरतो. परवा एक आजोबा मला म्हणाले, तुमच्याकडे आभाळ कधी उघडतच नाही का? तुम्ही आपलं जरा रंगीत घाला."

"पण भडक नको म्हणाल्या त्या."

"भडक नकोच. रंगीत."

भडक आणि रंगीत यांच्यातला फरक घरी पोचेपर्यंत तिला उलगडला नाही.

तिची धाकटी नणंद तयार कपड्यांच्या दुकानात कामाला होती. रविवारी दुपारी ती पिशवीभर शर्ट घेऊन आली आणि पलंगावर मांडामांड झाली. निळा घातला तर नणंद म्हणाली, "वहिनी, बँकेत बसल्यासारख्या दिसता." गुलाबी घातला तर म्हणाली, "छान दिसता." पण कामावर छान दिसावं की दिसू नये, हे इन्चार्जबाईंना विचारायचं राहून गेलं होतं. हिरव्या शर्टाच्या गळ्याला गाठ मारायची फीत होती, म्हणून तो बाद. एकाची बटणं चमकत होती, म्हणून तो बाद. चमकण्याबद्दल खरं तर कुणी काहीच म्हणालं नव्हतं, पण आता तिला प्रत्येक बटणाची धास्ती वाटायला लागली होती.

तिचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे दुसऱ्याचा गोंधळ शांतपणे बघत बसायची त्याला सवय होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "अगं, लग्नात तुला एवढा वेळ लागला नव्हता."

"लग्नात कुणी योग्य घाल म्हणून लिहून दिलं नव्हतं," ती म्हणाली.

शेवटी तिने राखाडी शर्ट, इलॅस्टिकची काळी पँट आणि मोठ्या खिशांचा तपकिरी स्वेटर ठरवला. बुटांच्या लेस काढून टाकल्या. लेसबद्दलही कुणी बोललं नव्हतं, पण लेस म्हणजे शेवटी नाडीच की. गळ्यातली साखळी, कानातले खडे, घड्याळ, सगळं काढून डबीत ठेवलं. आरशात बघितलं तर तिथे कुणीतरी बाई उभी होती. वाईट नव्हती दिसत. पण ती कोण, हे सांगता आलं नसतं.

सोमवारी नवऱ्याने तिला शिकवणीच्या गाडीतून दवाखान्याच्या दाराशी सोडलं. कार्यालयात कळलं की ओळखपत्र बुधवारी मिळेल. इन्चार्जबाई मीटिंगमध्ये होत्या. "आत बसा, येतील," असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती पेशंटच्या बसायच्या खोलीत गेली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर टेकली. भिंतीलगत सात-आठ पेशंट आपापल्या घरच्या कपड्यांत बसले होते. कुणी वर्तमानपत्र वाचत होतं, कुणी नुसतंच हातात धरून होतं.

शेजारी साठीच्या एक बाई होत्या. ताठ पाठ, आखूड पांढरे केस, अंगात निळा स्वेटर. त्यांनी हिच्याकडे वरून खाली बघितलं आणि नजर बुटांवर थांबली.

"आजच आलात?"

"हो, आजच."

"कुणी आणून सोडलं?"

"नवऱ्याने."

"मला भावाने." त्या जरा वळून बसल्या. "किती दिवसांचं सांगितलंय?"

"आता इथेच. कायमचं म्हणा ना."

त्यावर बाईंनी आपला हात हिच्या हातावर ठेवला. हात उबदार होता. "असं कायमचं काही नसतं हो. पहिल्या दिवशी वाटतं तसं. मी भूगोल शिकवायचे. इतक्या वर्षांत एकाही पोराला रडताना शाळेत एकटं बसू दिलं नाही."

आता कुठे सिस्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. ती घाईघाईने म्हणाली, "नाही, नाही. बाई, मी इथे नोकरीला आलेय. नर्स आहे मी."

बाई समजूतदारपणे हसल्या. "मीही पहिल्या दिवशी हेच सांगत होते. शाळा तपासायला आलेय म्हणून."

खरं बोलून झालं होतं, आता त्याहून खरं आणखी काय बोलणार? तिने गणवेश चाचपण्यासाठी हात छातीशी नेला आणि तो तपकिरी लोकरीवर पडला.

बाई आणखी जवळ सरकल्या. "एक सांगते, मनात ठेवा. गोळी देतील ती जिभेखाली धरायची आणि ते गेले की काढून घ्यायची." त्यांनी स्वेटरची कड बोटांनी उलटली. तिथली शिवण उसवून आत काहीतरी भरलेलं होतं. "बावीस झाल्या."

"कशाला साठवताय?"

"सगळ्या एकदम लागल्या तर हाताशी असाव्यात," बाई म्हणाल्या, घरी सामान भरून ठेवल्याच्या सुरात.

सिस्टरने पोटातले टाके उसवलेले पाहिले होते, रक्ताच्या चिळकांड्या पाहिल्या होत्या, आणि त्या त्या वेळी काय करायचं ते तिच्या हातांना आपोआप कळायचं. इथे तिचे हात एका बाईच्या हाताखाली नुसते पडून होते. तेवढ्यात दारातून इन्चार्जबाईंचा आवाज आला.

"सिस्टर, इथे बसलात होय? मी कधीची शोधतेय."

भूगोलाच्या बाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग हिच्याकडे. हात काढून घेतला. स्वेटरची कड तेवढी मुठीत धरली.

सांगावं तर बाईंनी आपल्यासारखीच पेशंट समजून टाकलेला विश्वास मोडणार, आणि न सांगावं तर बावीस गोळ्या. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी व्हरांडा संपेपर्यंत ती विचार करत राहिली. मग तिने इन्चार्जबाईंना सगळं सांगितलं. पाच मिनिटांत दोघीजणी आणि डॉक्टर भूगोलाच्या बाईंकडे गेले. बाईंनी स्वतःच स्वेटर काढून दिला आणि आपल्या पलंगावर जाऊन त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

"पहिल्याच दिवशी," इन्चार्जबाई नंतर म्हणाल्या. आवाज जरा मऊ झाला होता. "तीन आठवडे आम्हाला पत्ता नव्हता. हेच कपडे घालत जा तुम्ही."

ब्रदरांचं म्हणणं वेगळं पडलं. "त्यांना फसवल्यासारखं झालं हो," ते म्हणाले. "तुमचा दोष नाही. पण उद्यापासून तुम्ही कोण ते लांबून कळेल असं काहीतरी घाला."

हेच घालावं की हे मुळीच घालू नये? मंगळवारी सकाळी कपाटासमोर उभं राहून तिचं डोकं पार गरगरलं, आणि हट्टाने तिने पांढरा गणवेश चढवला. निदान खोटं तरी नको. वॉर्डात पाऊल टाकलं तर दाराजवळची एक पोरसवदा मुलगी मुकाट्याने उठली, बाही वर सरकवली आणि मान फिरवून डोळे मिटून उभी राहिली. तिला कुणी इंजेक्शन सांगितलं नव्हतं. इन्चार्जबाईंनी येऊन मुलीची बाही हळूच खाली ओढली. दुपारी सिस्टरने ब्रदरांचा जादाचा मातकट शर्ट वरून घातला. तो गुडघ्यापर्यंत आला. वर्तमानपत्र वाचणारे आजोबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

बुधवारी ओळखपत्र आलं, चिमट्याने खिशाला लावायचं. ते लावून, निळा शर्ट घालून ती भूगोलाच्या बाईंच्या पलंगापाशी गेली. तिसरा दिवस होता. बाईंच्या अंगावर सोमवारचेच कपडे होते, केस विंचरलेले नव्हते. तोंड अजून भिंतीकडेच.

"मी तुम्हाला नर्स आहे म्हणून सांगितलं होतं," सिस्टर म्हणाली. लगेच तिला वाटलं, हे सांगायला आलो होतो का आपण?

भिंतीकडूनच आवाज आला. "सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं. "तुमचा राग नाही आला. पण मी तुमचा हात धरला ना, तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी माझा उपयोग झाला."

"झाला होता," सिस्टर म्हणाली. "मला त्या दिवशी खरंच भीती वाटत होती."

बाईंनी कूस बदलली आणि तिच्याकडे नीट बघितलं, पोराचं उत्तर खरं की पाठ केलेलं ते बघावं तसं.

सिस्टर खुर्ची ओढून बसली. "बाई, एक विचारू? मी इथे काय घालू? कुणी हे सांगतं, कुणी ते. तुम्हीच सांगा."

"मला काय विचारता?" बाई म्हणाल्या. "सकाळी उठून अंगात काय घालायचं तेच मला सुचेना, दोन दोन तास कपाटासमोर उभी राहायचे. तिथूनच तर हे सगळं सुरू झालं."

सिस्टरला हसू आलं, आणि आपण हसलो हे योग्य झालं का, ते कळेना. पण बाईंच्या ओठाचा एक कोपराही हलला होता. सिस्टर उठली, पलंगाशेजारचं लहान कपाट उघडलं आणि आतले दोन शर्ट काढून पलंगावर ठेवले. एक फिकट पिवळा, एक चौकटीचा.

"कुठला?"

"मला नाही कळत."

"मलाही नाही," सिस्टर म्हणाली. "बसू या थोडा वेळ."

वीस मिनिटं लागली. मध्ये इन्चार्जबाई एकदा डोकावून गेल्या. शेवटी बाईंनी पिवळ्याला बोट लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. बटणं त्यांनी स्वतः लावली, खालून वर, अगदी सावकाश. बाहेर गोळ्यांची गाडी आल्याचा आवाज झाला तेव्हा वरचं एक बटण राहिलं होतं, आणि दोघी त्यासाठी थांबल्या.