नत्थूजींचे कान

डॉक्टरांनी पाठीमागून हलकेच म्हटलं, "नत्थूजी."

नत्थूजींनी लगेच मान वळवली.

"कान माझ्यापेक्षा तेज आहेत यांचे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

कौशल्याबाईंचा विश्वास बसेना. पावसाळ्यापासून त्या नवऱ्याच्या कानाशी ओरडत होत्या. "अजी, जेवून घ्या." "अजी, आयकता का?" हातमाग बंद आणि माणूस भिंतीकडे बघत बसलेला. शेजारच्या विमलाबाई हसायच्या, "जन्मभर बायकोचं आयकलं नाई, आता कायले आयकतीन?"

मेंदूच्या डॉक्टरांचं बोलणं मुलीनं, उर्वशीनं, परतीच्या एसटीत आईला समजावलं. "बाबा लहान होऊन राहिले, आई. जे शेवटी शिकलं ते पहिले जाते."

"कापड उसवल्यावानी?"

"हो."

विणकराच्या घरातल्या बाईला पुढचं विचारावं लागलं नाही. 'अजी'ला ओ देणारा माणूस उसवून गेला होता. उरला होता तो लग्नाआधीचा.

"तू नावानं हाक मार ना त्यायले."

"जीभ झडन माही."

लग्नातला उखाणा सोडला तर ते नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं, की त्या उर्वशीला पुढं करत.

"मी उद्या सासरी चालली. मंग कोण हाक मारन?"

कौशल्याबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

उर्वशी गेली, त्याच दुपारी नत्थूजी घरात दिसेनात. सापडले ते तलावात, कमरेइतक्या पाण्यात. पलीकडच्या काठावर त्यांची आई सूत धुवायला बसायची. ती जाऊन वर्षं लोटली होती. ते तिकडेच चालले होते.

"अजी! मांगं या!"

पाणी छातीला लागलं.

"अजी!"

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. सगळ्या ओळखीच्या. पाणी खांद्याशी आलं.

कौशल्याबाईंनी डोळे मिटले आणि सासू ओरडायची तशाच त्या ओरडल्या, "नत्थ्याऽऽ!"

नत्थूजी वळले. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा.

"आलो ना वो, माय. मारजो नको."

ते निथळत काठावर आले आणि मान खाली घालून उभे राहिले. धावताना कौशल्याबाईंचा पदर डोक्यावरून घसरला होता. सवयीनं हात पदराकडे गेला, तो मध्येच थांबला. मग त्याच पदरानं त्या त्याचं डोकं पुसू लागल्या.