आईच्या बाजूचा ब्रेक

हॉस्पिटलच्या त्या छोट्या खोलीत पहिल्या खेपेला काय झालं, ते सांगायला फार वेळ लागत नाही, कारण काहीच झालं नाही. टेबलावर नखाएवढा केकचा तुकडा होता. शेजारी औषधं मांडून ठेवली होती, सिस्टर सज्ज होती, डॉक्टर दोनदा डोकावून गेले होते आणि चार वर्षांची मुलगी ओठ घट्ट मिटून बसली होती. गोडीगुलाबीने सांगून झालं, गोष्टी सांगून झाल्या, बाहेरच्या माशांच्या टाकीचं आमिष दाखवून झालं. दुपार कलली तेव्हा सिस्टरनेच हात टेकले.

"न्या आता घरी," ती आईला म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत बोलावतो. पण तेव्हाही नाही खाल्लं, तर तुमचा नंबर पार मागे जाईल हं. ताटकळलेली पुष्कळ मुलं आहेत."

आईने मान डोलावली, मुलीला उचललं आणि खाली गाडीत आणून बसवलं. तिला मुलीचा राग आला नव्हता. रागवायला तोंड तरी कुठे होतं? पोरीने जे केलं ते तंतोतंत आईनेच शिकवलेलं होतं.

ही आई लोकांना गाडी शिकवायची. तिच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. शेजारी बसून शिकवायचं आणि शिकणारा गडबडला की आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, हा तिचा धंदा. इतक्या वर्षांत तिच्या उजव्या पायाला अशी काही सवय जडली होती की टीव्हीवरच्या गाडीने जोरात वळण घेतलं तरी ती सोफ्यावर बसल्या बसल्या फरशी दाबायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, तोंडाने फटकळ. त्याच्या स्कूटरवर मागे बसून ती पाय दाबायला लागली की तो म्हणायचा, "अगं, भोक पडेल माझ्या स्कूटरला!"

मुलगी दीड वर्षाची असताना शेजारच्या वाढदिवसाला कुणीतरी कौतुकाने तिला अंड्याचा गोड पदार्थ चमचाभर भरवला. बघता बघता अंगभर लाल चट्टे उठले, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. आईने ज्या वेगाने गाडी हाणली, त्या वेगाने तिच्या एखाद्या विद्यार्थ्याने हाणली असती तर तिने त्याला जन्मभर स्टिअरिंगला हात लावू दिला नसता. पोरगी वाचली. पण त्या दिवसापासून घरातून अंडं गेलं, तपासणीनंतर दूधही गेलं आणि आईच्या जिवाचा थारा गेला.

मग तिने मुलीला शिकवलं, अगदी विद्यार्थ्यांना शिकवते तसं. कुणी काही खायला दिलं तर आधी विचारायचं, यात काय आहे. मग थांबायचं. मग आईकडे बघायचं. पोरगी हुशार, तिने तीन महिन्यांत सगळं आत्मसात केलं. शाळेत बाईंच्या हातातला डबा उघडायच्या आत ही विचारायची, "कुणी केलंय? चमचा कुठला?" बाप तिला इन्स्पेक्टर म्हणायला लागला आणि तेच नाव पडलं.

सुरुवातीला सगळ्यांना कौतुक वाटलं. पण इन्स्पेक्टरची तपासणी हळूहळू फारच कडक झाली. नासपतीच्या सालीवर एक काळा ठिपका दिसला, नासपती बंद. गाजराचे तुकडे नेहमीपेक्षा जाड झाले, गाजर बंद. जे चालत होतं तेही एकेक करून तिने बाद करून टाकलं. शेवटी उरलं काय, तर भात, उकडलेला बटाटा, भोपळ्याचं सूप आणि कोंबडीचे बारीक तुकडे, तेही निळ्याच वाडग्यात. वजनाचा काटा हटून बसला. गेल्या हिवाळ्यातला स्वेटर या हिवाळ्यात जसाच्या तसा बसला, तेव्हा आई कपाटाचं दार धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. "तपासण्या सांगतायत की अंड्याचा त्रास बहुधा मागे पडलाय. पण बहुधावर चालत नाही. भाजलेल्या केकमधून, आमच्या डोळ्यांसमोर, थोडं थोडं खाऊन बघायला लागेल. जमलं तर दूधही बघता येईल. तिच्या ताटात काहीतरी वाढायला हवंय हो. पोर वाढायची तर त्याशिवाय कशी वाढणार?"

म्हणजे हा एक दरवाजा उघडला तर पुढचे उघडणार होते. आणि तोच उघडायला पोरगी तयार नव्हती.

पहिली खेप फुकट गेल्यावर घरात सल्ल्यांना ऊत आला.

"सांगायचंच कशाला तिला?" सासूबाई म्हणाल्या. "भोपळ्याचा केक आहे म्हणावं. मी नाही का याला लहानपणी औषध मधात कालवून द्यायचे!"

"आई बरोबर बोलतेय," नवरा म्हणाला. "एकदा पोटात गेलं की झालं. मग सांगू हवं तर."

आईच्या मनात हे आलंच नव्हतं असं नाही. पहिल्या खेपेहून परतताना सबंध रस्ताभर तिच्या मनात हेच घोळत होतं. किती सोपं होतं! पण ती म्हणाली, "नाही. ती विचारते, आणि आपण खरं सांगतो, म्हणून ती निदान चार गोष्टी तरी खाते. एकदा फसवलं ना, तर भातसुद्धा खाणार नाही माझ्या हातचा. आणि बाहेर कुणाला विचारायचंही सोडून देईल, ते तर त्याहून वाईट."

"मग काय करणारेस?"

"खरं सांगून खायला लावणारे."

"कसं?"

"ते मला अजून माहीत नाही," आई म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. सासूबाईंनी नाक मुरडलं. पण सून एकदा असं बोलली की तिच्या नादाला लागायचं नाही, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी केक घरीच करायचा म्हणून तिने अंडी आणली. दोन अंडी, नवं भांडं, नवा चमचा. मुलीला स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसवलं, कच्च्यापासून लांब पण सगळं दिसेल असं. अडीच वर्षांत हाताची सवयच गेली होती. पहिलं अंडं तिने असं काही आपटलं की अर्धं ओट्यावर आणि अर्धं तिच्या बाहीवर.

"सांडलं," इन्स्पेक्टर म्हणाली.

"सांडलं. आता ओटा धुवायचा, हात धुवायचे, बाही धुवायची. बघतेयस ना?"

"बघतेय. यात अंडं आहे?"

"आहे."

"मग आपण खात नाही."

"आजवर नाही खाल्लं. आता तू मोठी झालीस, तर उद्या डॉक्टरांसमोर थोडंसं खाऊन बघायचंय."

"आणि चट्टे आले तर?"

"आले तर औषध आहे. सिस्टर आहे. मी आहे."

मुलीने आईच्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू रडशील."

आई साबणाने बाही चोळत होती, ती चोळतच राहिली. "नाही रडणार," ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते फारसं खरं वाटलं नाही.

त्याच दुपारी एका विद्यार्थ्याची पाळी होती. हे विद्यार्थी म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेले एक काका. साठी उलटल्यावर त्यांना गाडी शिकायची हुक्की आली होती. मुलगी मागच्या सीटवर, कारण तिच्या खाण्याच्या बाबतीत आईचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. शाळा सुटली की तिचं बस्तान तिथेच असायचं. चौकात एक सायकलवाला आडवा आला, गाडी गचकन थांबली. पुढे एक कुत्रं दिसलं, पुन्हा गचकन. तिसऱ्यांदा तर समोर काही नव्हतंच.

काका घाम पुसत म्हणाले, "मॅडम, आत्ता ब्रेक मी नव्हता दाबला."

"मीच दाबला. तुम्ही वेगात होतात."

"कुठला वेग? शेजारून आजीबाई चालत पुढे गेल्या! मॅडम, तुम्ही पाय उचला जरा. सारखं तुम्हीच थांबवत राहिलात तर मी जाणार कधी?"

मागून मुलगी खुदकन हसली. आईही ओशाळून हसली आणि तिने पाय मागे घेतला. पण तो पुढच्या कोपऱ्यापर्यंतच.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मुलीसोबत एकालाच आत सोडत होते. नवरा बाहेर माशांच्या टाकीपाशी थांबला. आत जाताना त्याने मुलीला सलाम ठोकला, आणि बायकोकडे बघून काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा पाहून मिटून घेतलं.

तीच खोली, तीच सिस्टर, तेच टेबल. निळ्या वाडग्यात केकचा नखाएवढा तुकडा. आईने ठरवलं होतं तसंच सगळं केलं. खोटं बोलली नाही, लाडीगोडी लावली नाही. आवाज स्थिर, चेहऱ्यावर हसू. आरशासमोर उभं राहून त्याची तालीमसुद्धा केली होती.

"यात काय आहे?" मुलीने विचारलं.

"तांदळाचं पीठ, साखर, तेल, भोपळा आणि अंडं."

"कुणी केलंय?"

"मी. तू पाहिलंस."

मुलगी थांबली. मग शिकवल्याप्रमाणे तिने आईकडे पाहिलं. आई हसली. मुलीने तुकडा उचलला, नाकाशी नेला, पुन्हा आईकडे पाहिलं. आई आणखी हसली. मुलीने तुकडा वाडग्यात ठेवला आणि ओठ मिटले.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. झालं, आता नंबर मागे जाणार. पुन्हा भात, पुन्हा बटाटा, पुन्हा तोच स्वेटर. सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं. "घाई नाही," ती म्हणाली, पण आईला तिची घाई ऐकू आली.

मुलगी मात्र आता आईच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती खुर्चीतून वाकून टेबलाखाली काहीतरी न्याहाळत होती.

"काय शोधतेयस?" आईने विचारलं.

"आई, तू ब्रेक दाबलायस."

आईने खाली पाहिलं. उजवा पाय पुढे ताणलेला, गुडघा ताठ, बुटाचं टोक फरशीत रुतवलेलं. सगळ्या अंगाचा भार तिथे. केव्हापासून कोण जाणे. पहिल्या खेपेलाही असाच असणार. तोंडाने ती खा म्हणत होती आणि पायाने थांब. आणि पोरीला शिकवलं होतं की आईकडे बघायचं; पोरगी इमानाने सबंध आईकडे बघत होती, नुसत्या हसण्याकडे नाही.

 तिला स्वतःची मनापासून लाज वाटली, कारण पोरीला शिकवताना एक गोष्ट ती शिकवायचीच विसरली होती. विचार, थांब, बघ, एवढंच तिने शिकवलं होतं. विद्यार्थ्यांना ती त्यापुढे म्हणायची, "आता जा." हे तिने मुलीला आजवर कधी म्हटलंच नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिने बूट काढले, दोन्ही पाय वर उचलले आणि खुर्चीतच मांडी घालून बसली. खुर्ची अरुंद होती, एक गुडघा खुर्चीच्या हातावर चढला. सिस्टर बघतच राहिली.

"आता?" आईने विचारलं.

मुलीने टेबलाखाली वाकून खात्री केली. "तुला भीती वाटतेय?"

"वाटतेय. खूप वाटतेय. चट्टे आले तर मी रडेनसुद्धा. पण ते माझं मी बघीन, आणि तुझं सिस्टर बघेल. तू जा."

इन्स्पेक्टरने तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

मग वाट बघणं. त्यानंतर जरा मोठा तुकडा, पुन्हा वाट. दर वेळी मुलगी आधी टेबलाखाली वाकायची, मगच खायची. एकदा तिच्या हनुवटीवर लाल डाग दिसला. आईचा जीव टांगणीला लागला, मांडीखालचा पाय सुटायला धडपडू लागला. तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि फक्त म्हणाली, "सिस्टर, हे बघता?" सिस्टरने जवळ येऊन पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली. डाग विरून गेला. मुलीने टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवली होती, त्याचा तो वळ. आईने श्वास सोडला आणि मांडी सोडली नाही.

शेवटचा तुकडा चांगला घासभर होता. मुलीने तो सावकाश चावून खाल्ला, बोटं चाटली आणि वाडगा उलटा करून पाहिला. त्यानंतर बराच वेळ निरीक्षण चाललं, मासे बघून झाले, बाप काचेतून वाकुल्या दाखवून दमला. अखेर डॉक्टरांनी येऊन छाती तपासली, पोट पाहिलं, आणि आईकडे वळून म्हणाले, "अंडं जमलं. केकमधून तरी जमलं. दुधाचं पुढच्या महिन्यात बघू."

आई उठायला गेली आणि पुन्हा खुर्चीत बसली. दोन्ही पाय पार बधिर झाले होते, जमिनीवर टेकवले तर आपले आहेत असंही वाटेना. सिस्टरने दंडाला धरलं. आणि मग इतका वेळ आवरलेलं सगळं एकदम वर आलं, आई त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

मुलगी तिच्याजवळ आली. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली वाकून दोन्ही पाय नीट तपासले.

"चट्टे नाही आले," तिने सिस्टरला समजावून सांगितलं. "मुंग्या आल्यात."

मग रिकामा वाडगा पुढे करून तिने विचारलं, "अजून आहे?"