थोपटलेली माती

नोलाचा गुडघा जमिनीत रुतला तेव्हा तिच्या दातांत तारेचा तुकडा होता आणि हातात पक्कड. कुंपणाची जाळी शेवटच्या खांबाला बांधायची तेवढी राहिली होती. गुडघा सोडवायला ती मागे सरकली, तर लिंबाच्या झाडाखालची माती वीतभर आत बसलेली दिसली. तिनं बोटांनी ती बाजूला केली. आत गवताच्या काड्या, काड्यांवर करडी लव, आणि लवेखाली काहीतरी ऊबदार वळवळत होतं.

"काय गं, काय सापडलं?" कुंपणापलीकडून डेस हॅनिगननं विचारलं. तीस वर्षांचा शेजार, त्यामुळे दोघांचं बोलणं असंच चाले.

तिनं तोंडातली तार काढली. "पिल्लं आहेत."

डेसनं कपाळाला हात लावला. पेपरमिंट कोर्ट ही पुढे रस्ता नसलेली गल्ली. मागे सोन्याच्या जुन्या खाणींचे मातीचे ढिगारे, त्यांवर निलगिरीची झाडं, आणि आत सगळं सशांचं राज्य. त्या हिवाळ्यात सशांनी नुसता उच्छाद मांडला होता. सकाळी बॅलरॅट गावावर धुकं उतरलं की हिरवळीवर करडे दगड ठेवल्यासारखे ते बसलेले असत, आणि धुकं विरलं की दगडही नसत आणि डेसचा कोबीही नसे. विष घालू, असं डेस म्हणत होता. पण कोपऱ्यावरच्या ग्लेनिसचं म्हातारं कुत्रं दिसेल ते तोंडात घालतं, आणि घरांखालच्या बिळांत धूर सोडायला कुणाची छाती होईना. शेवटी सगळ्यांनी नोलाचं ऐकलं. तिचा बाप ससे धरून पोट भरणारा. सशांचा विषय निघाला की गल्ली तिच्याकडे बघायची. तिनं सांगितलं, कुणाला मारायला नको. मागची काटेरी झुडपं काढा, सलग जाळी लावा, जाळीची खालची कड मातीत पुरून बाहेर वळवा. ससे तिकडे, आपण इकडे.

नोलाला सशांची माया होती असं मात्र नाही. लहानपणी तिनं इतका ससा खाल्ला होता की आता तिला त्यांचा रागही येत नसे. गल्लीत नकोत, एवढंच.

"मग लोट ती माती आणि बांधून टाक जाळी," डेस म्हणाला. "एवढ्याशा पिल्लांपायी सगळी गल्ली उघडी ठेवायची का?"

तिनं तसं केलंही असतं. जाळी मिटली की आई बाहेर, पिल्लं आत, आणि दोन दिवसांत प्रकरण आपोआप संपलं असतं. तिनं माती ओढायला हात घातला, तेवढ्यात मागे नात उभी असलेली तिला कळलं. मेझी. सात वर्षांची, शाळेच्या गणवेशावर नोलाचा जुना स्वेटर, बाह्या पार गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या.

"नॅन, त्यांची आई त्यांना टाकून गेली?"

नोलाचा हात तिथंच थांबला.

"टाकून कशी जाईल? लांब राहते ती. सारखी इथं घुटमळली तर कोल्ह्याला वास लागेल. रात्री एकदा येते, दूध पाजते, दारावर माती लावते, थोपटते आणि जाते."

"मग दिवसभर ती रडत नाहीत?"

"रडली तर कोल्हा ऐकेल ना. गप्प पडून राहतात. शहाणी असतात."

मेझीनं मान हलवली आणि ती खाली बसून भोकाकडे बघत राहिली. नोलानं काड्या आणि लव होती तशी ठेवली, वरून माती ओढली आणि पक्कड खिशात घातली. पिल्लं आपल्या पायांनी बाहेर पडेपर्यंत खांबाजवळची फट राहील, असं तिनं डेसला सांगितलं.

"मग माझा कोबीच नेऊन ठेव ना त्यांच्या उशाशी," डेस म्हणाला आणि तणतणत घरात गेला.

मेझीची आई टेगन, म्हणजे नोलाची मुलगी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या खाणीत घराएवढा ट्रक चालवायची. महिन्यातून एक आठवडा ती विमानानं घरी येई. बाकीचे दिवस फोन. पण तिची कामाची पाळी संपून ती मुक्कामाच्या खोलीवर पोचेपर्यंत इकडे मेझीची झोपायची वेळ टळून गेलेली असे. सुरुवातीला नोला पोरीला उठवायची. मग दुसरा दिवस रडण्यात जाई. शाळेतून बाई निरोप पाठवत, आज डबा तसाच आहे. नोलानं उठवणं बंद केलं. "झोपलीय गं," ती टेगनला सांगे, आणि पलीकडून "बरं" असा एक शब्द येई. तो "बरं" तिला ऐकवेना. मग तिनं फोन उचलणंच सोडलं, आणि घरातल्या बोळात टेबलावर असलेल्या त्या जुन्या फोनवर रात्री भांडी पुसायचा जाड टॉवेल दुमडून टाकायला लागली.

सकाळी मेझी विचारायची, आईचा फोन आला होता? नोला म्हणायची, नाही बाई, कामात असेल. घरी आल्यावर टेगननंही एकदा विचारलं होतं, आई, फोन का उचलत नाहीस? माझे कान गेलेत आता, असं सांगून नोलानं वेळ मारून नेली होती. मेझी तेव्हा टेबलाशी खाली मान घालून टोस्ट खात होती.

पुढे मेझीनं विचारणं सोडून दिलं. रडणंही थांबलं. पोरगी सावरली, असं नोलाला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला आतून बरंही वाटलं होतं, की आता ही आपलीच झाली.

त्या दिवसापासून रोज सकाळी दोघी गमबूट घालून लिंबाखाली जाऊ लागल्या. धुकं इतकं दाट असे की घर मागे पुसलं जाई. कुठंतरी वर मॅगपाय पक्षी गात असत, आणि कुंपणाबाहेरच्या वॉटलच्या झाडाची पिवळी फुलं त्या पांढऱ्यात दिवा लावल्यासारखी दिसत. मेझी वाकून बघायची. दवानं सगळं गवत ओलं असे, पण भोकावरची माती मोकळी, काळी, नुकतीच थोपटलेली.

"येऊन गेली," मेझी हलक्या आवाजात म्हणायची.

"येऊन गेली," नोला म्हणायची.

पहिल्या दिवशी हे म्हणताना तिला काही वाटलं नाही. पुढे पुढे ते दोन शब्द ती मेझीकडे न बघताच म्हणू लागली. रात्री टॉवेल टाकताना तिचा हात क्षणभर घोटाळे. पण ती टाके.

डेसचा कोबी आणखी दोनदा गेला. एकदा तो पक्कड घेऊन आलाच, की आता मीच बांधतो. नोला फटीपुढे बादली उपडी घालून तिच्यावर बसली आणि हललीच नाही. या वयात तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तो म्हणाला. असेल, ती म्हणाली. जाता जाता त्यानं लिंबाखाली एकदा वाकून पाहिलं, आणि त्यानंतर पुन्हा काही तो पक्कड घेऊन आला नाही.

मग एका सकाळी माती थोपटलेली नव्हती. भोक उघडं होतं. कडेला इवल्या नखांचे ओरखडे, थोडी लव, आणि फटीकडे जाणारा गवतातला एक पुसट पट्टा. धुकं त्या फटीतून आत येत होतं. मेझीनं स्वेटरची बाही वर सारली, भोकात हात घालून पाहिला. रिकामं.

"गेली ना आपल्या पायांनी?"

"गेली. आता जाळी बांधायची," नोला म्हणाली. "धर तार."

मेझीनं तार धरली. नोलानं पहिला पीळ दिला.

"नॅन, ती यायची तेव्हा पिल्लं झोपलेली नसायची हं. जागी असायची. नुसती गप्प पडायची."

"तुला कसं कळलं?"

"मी पण तेच करते ना," मेझी म्हणाली. तिचं सगळं लक्ष तारेकडे होतं. "टॉवेलखाली फोन वाजतो तेव्हा. मी जागी असते. वाजायचा थांबला की मला कळतं, येऊन गेली. मग मी झोपते."

नोलाच्या हातातली पक्कड तारेवरून घसरली. पलीकडून डेस येत होता. आज खरंच बांधतेयस का, असं त्यानं विचारलं, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून पक्कड तिच्या हातातून घेतली. राहिलेले पीळ त्यानंच दिले. मेझी दोन्ही हातांनी तार घट्ट धरून उभी होती.

दिवसभर नोला घरात काहीबाही आवरत राहिली. दुपारी धुकं हटलं तेव्हा तिनं तो टॉवेल धुतला, घट्ट पिळला आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. संध्याकाळी बाकीचे कपडे आत आणले. टॉवेल तिथंच राहू दिला. मेझीला जेवू घातलं, अंथरुणात घातलं, दिवा मालवला. बोळात खुर्ची ओढून फोनपाशी बसली. हात मांडीवर, एकात एक.

फोन वाजला तो सगळं घर दणाणून. किती मोठा आवाज होता त्याचा, हे ती विसरूनच गेली होती. तिनं रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला.

"आई?" टेगनचा आवाज दबका झाला. "उचललास तू. झोपली असेल ना ती?"

"नाही," नोला म्हणाली. "थांब जरा. ठेवू नकोस."

तिनं रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि मेझीच्या खोलीचं दार लोटलं. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोळे गच्च मिटलेले, श्वास रोखून धरलेला. नोला पलंगाच्या कडेला बसली आणि तिच्या पाठीवर तिनं हात ठेवला.

"ऊठ गं," ती म्हणाली. "तुझा फोन आहे."