दहावा संदर्भ

मंगळवार, २४ जून २०२५. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रा. पुंजाराम काळमेघ यांचे दोन पानी टिपण खगोल-भौतिकी आणि विश्वरचनाशास्त्राच्या एका परदेशी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले. अमरावतीच्या महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवतात. वय चौपन्न.

टिपणाचा विषय एक चूक. अकोल्याच्या डॉ. प्रणाली खंडारे यांनी सुपरनोव्हांच्या अंतरांवर याच नियतकालिकात लेख लिहिला होता. त्यातल्या तिसऱ्या तक्त्यात विश्वाच्या प्रसरणाचा दर सत्तर धरला होता, चौथ्यात त्र्याहत्तर. त्यामुळे काही अंतरे चार टक्क्यांनी चुकत होती. मूळ निष्कर्ष त्याने बदलत नाही, हे वाक्य काळमेघांच्या पहिल्या मसुद्यात नव्हते. नियतकालिकाच्या परीक्षकाने ते घालायला लावले.

प्रणाली त्यांचीच एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. आलेख कसा काढायचा, हे तिला त्यांनी शिकवले होते. आता तिचा लेख ज्या नियतकालिकात आला, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर ५.४ होता, म्हणजे तिथल्या एकेका लेखाचा इतर संशोधक दोन वर्षांत सरासरी पाचहून अधिक वेळा उल्लेख करतात. या टिपणाआधी काळमेघांचे काहीही तीनच्या वरच्या नियतकालिकात आलेले नव्हते. कोणाच्या लेखांना किती संदर्भ मिळाले हे मोजणाऱ्या संकेतस्थळावर वर्षभर ते रोज सकाळी स्वतःच्या आधी तिचे पान उघडत. प्रयोगशाळेतल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने तिचे आकडे होते : सात, आठ, नऊ.

नऊवर लक्ष ठेवायला कारण होते. विद्यापीठ नवे खगोलशास्त्र केंद्र काढत होते आणि प्रमुखाचे पद एकच होते. अट अशी, की पाचच्या वर इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकांत अर्जदाराच्या कामाचा किमान दहा वेळा इतरांनी संदर्भ दिलेला असावा. मुदत ३० जून. काळमेघांच्या जुन्या लेखांना असे बारा संदर्भ मिळाले होते. प्रणालीला नऊ. एप्रिलपासून त्यांचा अर्ज एकटाच होता.

दुपारी दीड वाजता तिचा फोन आला.

"सर, मी प्रणाली बोलून राहिली. टिपण वाचलं. सत्तर-त्र्याहत्तरचा घोळ माह्याच हातचा. मान्य आहे."

"चूक दिसली, दाखवली. मनावर घेऊ नको."

"मनावर काहून घेऊ? दहावा तुमीच देला न मले. अर्ज भरून राहिली मी. पेढे अमरावतीले पाठवू, का तुमी येता अकोल्याले?"

"दहावा काय?"

"संदर्भ, सर. तुमच्या यादीत पयला माहाच लेख आहे."

तो लेख यादीत असणारच होता. ज्याची चूक काढायची त्याचा संदर्भ द्यावाच लागतो. खंड आणि पान क्रमांक बिनचूक यावा म्हणून काळमेघांनी तो दोनदा तपासला होता. मोजणाऱ्या संगणकाला स्तुती आणि टीका सारखीच. विद्यापीठाच्या परिपत्रकात फक्त स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळले होते.

त्यांनी फोन ठेवला.

प्रयोगशाळा सहायक नत्थुजी लोलक पुसत होते. ते म्हणाले, "काय झालं सर? पोरगी शिव्या देऊन राहिली काय?"

"नाही. आभार मानले."

"मंग तं लयच वाईट झालं."

तीन चाळीसला काळमेघांनी संपादकांना पत्र पाठवले : टिपण मागे घ्यायचे आहे. टिपण गेले, की त्यातला दहावा संदर्भही गेला असता. पाच पंधराला उत्तर आले. प्रसिद्ध झालेले टिपण एकाच कारणाने मागे घेता येते, त्यात लेखकाची स्वतःची चूक असेल तर. तसे असल्यास चूक कोणती ते लेखी कळवावे.

बुधवारी त्यांनी आपले गणित पुन्हा केले. गुरुवारी आणखी एकदा. चूक नव्हती.

शुक्रवारी सव्वाबाराला प्रणालीचा अर्ज विद्यापीठात दाखल झाला.

रविवारी संध्याकाळी काळमेघांनी संपादकांना उत्तर लिहायला घेतले. "माझ्या टिपणातील आकडेमोडीत चूक आहे," एवढे एक वाक्य लिहून झाले. चूक कोणती, ती ओळ कोरी होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत ते पत्र गेलेले नव्हते. अर्जांची छाननी संध्याकाळी पाचला आहे.