खालच्या कडेचं गवत

आफ्राने पाठ फिरवून चौकट खांद्यावरून मागे भिरकावली. अ‍ॅल्युमिनियमची ती मीटरभर लांबी-रुंदीची चौकट उतारावर एक टप्पा खाऊन आडवी झाली. आफ्रा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि आत जे काही सुकं गवत पडून राहिलं होतं, ते काडी काडी वेचून कागदी पिशवीत भरू लागली. भरायला फारसं काही नव्हतंच.

"बघ, इथेही तेच," ती म्हणाली. "गवताच्या कानात सांगून ठेवलं होतंस की काय, मागे राहू नकोस म्हणून?"

वेंडेलीन हसला आणि वाकून बुटाच्या नाडीत अडकलेलं कुसळ काढू लागला. कुसळ लगेच निघालं, तरी तो वाकलेलाच राहिला.

ही तिची सतरावी चौकट. वीस झाल्या की पिशव्यांचं वजन होणार होतं, आणि यंत्राने मागे किती गवत सोडलं ते त्यावरून ठरणार होतं. यंत्र वेंडेलीनचं होतं. म्हणजे त्याने आखलेलं. खाली दरीतल्या कारखान्यात तो वाळलेलं गवत ओढणारी फिरती दाताळी आखायचा आणि आफ्रा ती तपासायची. बारा लांब हात गोल फिरतात, प्रत्येकाच्या टोकाला लोखंडी दात. ते गवत लोटत नेतात आणि ठरल्या जागी दात वर उचलून ते ओळीत सोडतात. दात कधी उचलायचे आणि पुन्हा कधी टेकवायचे, हे ठरवते मधल्या पेटीतली एक वळणदार खाच. तिला कारखान्यात कॅम म्हणतात. प्रत्येक हाताच्या मुळाशी एक रोलर असतो, तो त्या खाचेतून पळतो. जुन्या कॅमवर यंत्र ताशी अकरा किलोमीटरने चालायचं. वेंडेलीनचा नवा कॅम सोळाने चालणार होता. सोमवारी त्याच्या साच्याला मंजुरी मिळाली की पुढच्या उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात तोच बसणार होता.

दोन वर्षांपूर्वीच्या त्याच्या कॅमने रोलर फोडले होते. तेव्हा कारखान्याचे प्रमुख ड्रेक्सेलसाहेब यांनी आवाज न चढवता सांगितलं होतं की असं एकदा चालतं.

चाचणीचं कुरण वेंडेलीनच्याच घरचं होतं. शेत आता त्याची बहीण वाल्बुर्गा सांभाळायची. तिला सगळे बुर्गी म्हणत. सकाळी ट्रॅक्टर तिनेच चालवला होता, शेजारी आफ्रा वेगाच्या काट्यावर नजर लावून बसली होती. वेंडेलीन एकटा खालच्या कडेला उभा होता, त्यामुळे ते फक्त त्यालाच दिसलं. यंत्र पुढे गेलं की कडेने गवताच्या बारीक कोरी मागे राहत होत्या, एकीमागे एक, कापलेल्या नखांसारख्या. दात वेळेवर उचलले जात होते, पण टेकायला उशीर करत होते, आणि तेवढ्यात यंत्र हातभर पुढे सरकलेलं असायचं. का, ते त्याला तिथल्या तिथे कळलं. खाचेचा उतार थोडा अलीकडे आणायला हवा होता. तो आणला की रोलरना दणके बसणार, आणि मग सगळं पहिल्यापासून.

तो सांगणारच होता. निदान त्याची तशी समजूत होती. पण बुर्गीने इंजिन बंद केलं आणि ओरडली, "चला, आधी जेवण! पाहुण्याबाईंना उपाशी मारून नाव काढायचंय का आपल्याला?"

जेवायला आफ्रा खिडकीकडे पाठ करून बसली आणि वेंडेलीन तिच्यासमोर. उकडलेले बटाटे होते, घरचं चीज होतं, मुळ्याच्या चकत्या होत्या. बुर्गी चुलीशी उभी राहून बोलत होती. वेंडेलीनने मान वर केली तेव्हा खिडकीतून त्याला खालच्या कडेला बाप दिसला.

माग्नुस चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि अकराच्या ठोक्याला जेवून मोकळा व्हायचा. त्याच्या हातात लाकडी दाताळं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. कुरणाखालून चर्चचा रस्ता जातो, सगळं गाव त्याच रस्त्याने जाणार. या डोंगरात घराघरांत भांडणं होतात, दारू चालते, भाऊ भावाशी वीस वर्षं बोलत नाही. पण रविवारी कुरणावर सांडलेलं गवत दिसता कामा नये. लोक बोलून दाखवत नाहीत, नुसते चालता चालता बघतात. म्हातारा एकेक कोर ओढत गेला, सवयीच्या हाताने, घाई न करता, आणि सगळं गवत त्याने एका मोठ्या फडक्यात बांधलं. मग त्याने वर घराकडे पाहिलं. खिडकीत मुलगा दिसला तसं त्याने दाताळं जरासं उंचावलं.

"काय बघतोयस?" आफ्राने विचारलं.

"काही नाही. बाबा फिरायला निघालेत," वेंडेलीन म्हणाला. "मीठ दे जरा."

आफ्राने मीठ दिलं.

आणि आता विसावी चौकट पडली, वेचली गेली, पिशव्यांचं वजन झालं. आफ्राने आकडेमोड दोनदा केली, कारण पहिल्यांदा तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. चौरस मीटरला तीन ग्रॅम. सहापर्यंत चाललं असतं.

"इतका कमी आकडा मी आजवर लिहिलेला नाही," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात हातात घेऊन चांगला हलवला.

"आयुष्यात पहिल्यांदा याने काहीतरी आवरून ठेवलंय," बुर्गी म्हणाली. "लहानपणी याचे मोजेसुद्धा मी उचलायचे."

वेंडेलीनला लाज वाटली. पण त्या लाजेखाली कुठेतरी थोडा आनंदही होता, आणि तो आहे हे कळल्यावर त्याचे कान तापले. आपण कुणाला फसवलेलं नाही, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. त्याने दाताळं हातात घेतलं नव्हतं. चौकटी आफ्राने टाकल्या होत्या, त्याही न बघता. संध्याकाळपर्यंत त्याने हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्याचा त्यालाच कंटाळा आला.

रविवारी प्रार्थनेनंतर बाप, बुर्गी आणि वेंडेलीन गावातल्या खानावळीत बसले. बुर्गीला राहवणारं नव्हतं. तिने शेजारच्या टेबलावर बसलेल्या गावातल्या आल्बान शेतकऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं की तिच्या भावाचं यंत्र सोळाने धावतं आणि मागे मीटरला तीन ग्रॅम गवत ठेवतं.

"आमचा बोकड याहून जास्त ठेवतो," आल्बान म्हणाला. "पण खरंच हं, सकाळी येताना बघितलं मी. कुरण कसं झाडून घेतल्यासारखं. दे बाबा मलाही असलं एक."

"पुढच्या वर्षी मिळेल," बुर्गी म्हणाली. "रांगेत उभा राहा."

माग्नुसने ग्लास ओठांपर्यंत नेला होता. तो त्याने खाली ठेवला.

"मागे राहिलेलं मोजतात?" त्याने विचारलं.

"मग काय ओढलेलं मोजतात? बाबा, तेच तर मोजतात," बुर्गी हसली. "म्हणून तर ती पोरगी दुपारभर गुडघ्यांवर रांगत होती. तुम्हाला काय वाटलं, तिचं काही हरवलंय?"

म्हातारा हसला नाही. त्याने वेंडेलीनकडे पाहिलं. वेंडेलीनने पावाचा तुकडा मोडला, आणि मग तो तुकडाही मोडला. टेबलावर चुरा झाला. बापाने बराच वेळ वाट पाहिली. मग ग्लास तसाच अर्धा ठेवून तो उठला आणि त्याने टोपी घातली. परतीच्या वाटेवर तो एरवीपेक्षा हळू चालला. मुलाला बोलायचं असलंच तर वाट अपुरी पडू नये, असं काहीतरी त्याच्या चालण्यात होतं. बुर्गी पुढे निघून गेली होती. दोघं कुरणाच्या कडेने आले, फाटकाशी पोचले, आणि वेंडेलीन एवढंच म्हणाला की उद्या ऊन चांगलं पडेल.

"उद्या तुमची ती बैठक किती वाजता आहे?" बापाने विचारलं.

"नऊला."

"बरं."

सोमवारी नऊ वाजता ड्रेक्सेलसाहेबांच्या खोलीत तिघंच होते. साहेब, आफ्रा आणि वेंडेलीन. टेबलावर कॅमचा आराखडा पसरला होता आणि साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. काल रात्री वेंडेलीनने ठरवलं होतं की सही व्हायच्या आत सांगायचं. साहेबांनी आधी चाचणीचा कागद वाचला, मग आफ्राचं कौतुक केलं, मग त्याचं. प्रत्येक वाक्यानंतर त्याला वाटायचं, आता. आणि तोवर पुढचं वाक्य सुरू व्हायचं.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. साहेब खिडकीकडे गेले.

"माझ्या गाडीच्या जागेत ट्रॅक्टर कुणी लावला?"

जिन्यावर जड पावलं वाजली. दार उघडलं तर माग्नुस उभा होता, रविवारचा कोट घालून. पाठीवर चार टोकं बांधलेलं ते फडकं. आत येताना ते दारात अडकलं, तेव्हा त्याला तिरकं व्हावं लागलं आणि जमिनीवर थोड्या काड्या सांडल्या. त्याने त्यांच्याकडे अपराध्यासारखं पाहिलं.

"मी याचा बाप," तो साहेबांना म्हणाला. मग ओझं उतरवून आफ्राकडे वळला. "पोरी, हे तुझं आहे. शनिवारी खालच्या कडेला राहिलं होतं. तुम्ही जेवत होतात, तेव्हा मी ओढून घेतलं. रविवार होता दुसऱ्या दिवशी, म्हणून. हे मोजायचं असतं हे मला म्हाताऱ्याला कुठे ठाऊक? वासरांना घालायचं राहिलं होतं, ते बरं झालं."

खोलीत एकदम गवताचा वास सुटला.

"आमच्या वेंडेलीनचा यात काही दोष नाही," माग्नुस म्हणाला. हे त्याने वाटेत पाठ केलं असावं, कारण इथून पुढे तो फार भरभर बोलला. "त्याला ठाऊकच नव्हतं. तो जेवायला बसला होता. खिडकीकडे पाठ करून."

आफ्राने मान वर केली. शनिवारी खिडकीकडे पाठ कुणाची होती, हे तिला चांगलं माहीत होतं. मीठ मागितल्याचंही तिला आठवलं असणार. तिने वेंडेलीनकडे पाहिलं आणि मग ती नजर कागदावर घेऊन गेली.

वेंडेलीनने बापाला खोटं बोलताना आयुष्यात ऐकलं नव्हतं. शेजाऱ्याच्या कुंपणात आपली गाय शिरली तर रात्रीचं उठून सांगायला जाणारा हा माणूस. त्याला खोटं बोलायला जमतही नव्हतं. बोलताना तो टोपीची कड बोटांनी फिरवत होता आणि त्याची मान लाल झाली होती.

"ठीक आहे हो काका," ड्रेक्सेलसाहेब म्हणाले. "तुम्ही आलात, हेच पुष्कळ झालं. कुणाची काही चूक नाही. पुढच्या कापणीला पुन्हा चाचणी घेऊ. वेंडेलीन, वडिलांना कॉफी पाज. नशीबवान आहेस तू."

सगळं मिटलं होतं. आता फक्त कॉफी आणायची होती. पण तो गप्प राहिला तर म्हाताऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतलेलं त्याच्या अंगावरच राहणार होतं, आणि बोलला तर परक्यांसमोर बाप खोटा पडणार होता. कॉफीच्या यंत्राकडे तो दोन पावलं गेलासुद्धा.

"पाठ आफ्राची होती साहेब," तो यंत्राकडे तोंड करूनच म्हणाला. मग वळला. "माझं तोंड खिडकीकडे होतं. बाबांना मी ओढताना पाहिलं. त्याच्याआधी, सकाळीच, मी कोरीही पाहिल्या होत्या. दात उशिरा टेकतात. कॅम चुकलाय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आवाज त्यांनी आताही चढवला नाही. आफ्रा उठली. तिने फडकं कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडा वाचला, "सतरा किलो आठशे." तिचा आवाज अगदी कोरडा होता. चाचणीच्या कागदावरचा तीन तिने आडव्या रेघेने खोडला आणि कॅमचा आराखडा गुंडाळून वेंडेलीनच्या हातात दिला.

माग्नुस खाली बघत उभा होता.

"झालं ना मोजून?" त्याने विचारलं. "मग हे मी नेतो."

त्याने ओझं पाठीवर घेतलं. वेंडेलीन मागोमाग जिना उतरला. बाप आता काय बोलेल, याची तो प्रत्येक पायरीवर वाट बघत होता, आणि जे काही बोलेल ते त्याला हवंच होतं. आवारात येऊन म्हाताऱ्याने फडकं ट्रॅक्टरवर नीट बांधलं, गाठ ओढून पाहिली, मग कोटावरच्या काड्या झटकल्या. तरी तो चढला नाही. मुलाकडे न पाहता, चाकावर हात ठेवून तो उभा राहिला.

"बुर्गीला सांगू नकोस हं," तो हळूच म्हणाला.

"मी सांगणारच आहे बाबा. आजच सांगतो, मी काय केलं ते."

"तुझं नाही म्हणत मी. तुझं तू सांग," माग्नुस म्हणाला. "मी वर काय बोललो, ते तिला सांगू नकोस."