नेल्डाचे नऊशे

नेल्डा फेब्रुवारीत गेली. एप्रिलमधल्या समुद्रसफरीचे पैसे त्याआधीच भरून झाले होते. लेलँडने कंपनीला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने आधी दुःख व्यक्त केलं, मग बराच वेळ बाजाची धून ऐकवली आणि परत येऊन सांगितलं की पैसे परत मागायची मुदत उलटून गेली आहे. पण अशा प्रसंगी कंपनी माणुसकी सोडत नाही. नेल्डाच्या तिकिटापैकी नऊशे डॉलर लेलँडच्या खात्यात जमा होतील. ते बोटीवर खर्चता येतील. रोख मिळणार नाहीत, आणि सफर संपली की उरलेले बुडतील.

"आणि मी आलोच नाही तर?" त्याने विचारलं.

"तर जमा होणार नाहीत, सर."

म्हणून तो आला. नाहीतर त्याला समुद्राचं काय होतं? त्याचा सगळा जन्म एल कॅम्पो गावाच्या आसपास गॅसच्या टाक्या भरणारा ट्रक चालवण्यात गेला होता. समुद्राची हौस नेल्डाला. गावातल्या निम्म्या लोकांचे केस ती घरच्या गॅरेजमध्ये कापायची. दिवसभर उभी. गिऱ्हाईक वर जे काही ठेवून जाईल ते कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. त्या डब्यातून ही सफर निघाली होती. "मरायच्या आधी एकदा अशा ठिकाणी जायचंय, जिथे चहूकडे नुसतं पाणी दिसतं," ती म्हणायची. "त्याला एवढे पैसे कशाला? आपल्या विहिरीत उतर," तो म्हणायचा. मग दोघेही हसायचे. आता गॅल्व्हस्टन बंदराचा धक्का मागे पडला, चहूकडे नुसतं पाणी झालं, आणि ते बोलणं त्याला पुन्हा पुन्हा आठवू लागलं.

त्याला एकच गोष्ट हवी होती. ते नऊशे डॉलर नोटांच्या रूपात घरी न्यायचे आणि डब्यात परत ठेवायचे. पुढे त्यांचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. पण तिकिटाचे बाकीचे पैसे कंपनीने गिळले होते, हेही कंपनीच्या नरड्यात जाऊ द्यायचे नाहीत, एवढं पक्कं होतं.

जेवणाच्या टेबलावर त्याला बोमॉन्टचं एक जोडपं मिळालं. हर्शेल टब्स आणि त्याची बायको फे. हर्शेल जुन्या मोटरबोटी विकायचा, आता निवृत्त होता. गळ्यातल्या पट्ट्याला केबिनचं कार्ड, बोटीवरचा सगळा खर्च ज्यावर लागतो ते, आणि त्याच्या भोवती दर सफरीचा एक बिल्ला. चालताना घंटा बांधलेल्या गुरासारखा वाजायचा.

"ही खुर्ची रिकामी कशी?" हर्शेलने पहिल्याच दिवशी विचारलं. "बाईसाहेबांना बोट लागली की काय?"

"वारली. फेब्रुवारीत."

फेने पावाची टोपली हळूच त्याच्याकडे सरकवली. ते त्याला बरं वाटलं.

"अरेरे," हर्शेल म्हणाला. पावाचा तुकडा मोडला. "मग कंपनीने काय दिलं?"

लेलँडने सांगितलं. असं थेट विचारणारा हा पहिलाच माणूस होता. चर्चमधले लोक फक्त कसा आहेस म्हणून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता खांद्यावर थोपटायचे.

"नऊशे? आणि परत न मिळणारे?" हर्शेलने सुरी खाली ठेवली. "मग त्यात रडण्यासारखं काय आहे? कसिनोतून काढायचे."

"मी जुगार खेळत नाही. नेल्डाला आवडायचं नाही."

"खेळायला कोण सांगतंय, शहाण्या? नीट ऐक. स्लॉट मशीनमध्ये केबिनचं कार्ड घालायचं. तिथे विचारतात, खात्यातून किती घेऊ? तीनशे म्हणायचं. मशीनवर तीनशे दिसायला लागतात. दोन-चारदा बटण दाबायचं, अगदी पैसा-पैशाचं, वरच्या कॅमेऱ्याला दाखवायला. मग बाहेर पडायचं बटण. चिठ्ठी येते. ती खिडकीवर दिली की हातात नोटा. खात्याला वाटतं, म्हातारा तीनशे हरला. आधी जमेतले जातात. झालं."

"इतकं सोपं?"

"सोपं आहे म्हणूनच सांगत फिरायचं नाही. आणि चौकशीच्या टेबलावर जाऊन विचारत बसू नकोस. त्यांना वास लागला की ते खातं गोठवतात. तीन वेळा काढ, तीनशे-तीनशे. घाई करणाऱ्याची जीभ भाजते."

फे खिडकीबाहेर बघत होती. "हर्शेलला यातलं सगळं कळतं," ती म्हणाली. त्यात कौतुक होतं की कंटाळा, ते लेलँडला उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कसिनोत गेला. आत सिगारेटचा धूर आणि ऑक्सिजनच्या नळ्या लावलेल्या बायका, दोन्ही शेजारी शेजारी. एका मशीनवर माशांची चित्रं होती, ते त्याने निवडलं. कार्ड घातलं. तीनशे. मासे चारदा फिरवले. तीनदा हरला, एकदा चाळीस सेंट जिंकला, तर मशीनने असा गोंगाट केला की त्याला आपण चर्चमध्ये शिंकलो असं वाटलं. त्याने चिठ्ठी काढली आणि खिडकीवर गेला.

खिडकीवरच्या मुलीच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर मिलेना, सर्बिया असं लिहिलेलं होतं.

"एवढंच खेळलात, सर?"

"पाठ दुखते."

"बरं. तीन टक्के वेगळे लागतात, सर. चार्ज कार्डावर पडतो. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," लेलँड म्हणाला. कार्ड म्हणजे त्याच्या हातातलं केबिनचं कार्ड, आणि त्यात नेल्डाचे पैसे. नऊ डॉलर कंपनीने खाल्ले तर खाऊ देत.

पंधरा नोटा, वीस-वीसच्या. केबिनमध्ये येऊन त्याने त्या बिछान्यावर मांडल्या. डब्यात नेल्डाच्या अशाच नोटा असायच्या, पण चुरगळलेल्या, कधी केसांचे बारीक तुकडे चिकटलेल्या. या कोऱ्या होत्या. तरी त्याला बरं वाटलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी त्याच्या बाजूने झालं होतं. त्याने नोटा मोज्यात घालून मोजा बुटात ठेवला.

पुढच्या दोन दुपारी त्याने तेच केलं. कोझुमेल बंदरात सगळे उतरले तेव्हा तो बोटीवरच राहिला. रोज जेवताना हर्शेल भुवया उडवायचा, "मासे काय म्हणतात?" आणि लेलँड म्हणायचा, "चावले." आपल्याला एक मित्र मिळाला असं त्याला वाटू लागलं होतं. नेल्डाचा गॅरेजमधला पंखा, तिची थट्टा, शेवटच्या आठवड्यात तिने पाणी सोडून काही घेतलं नाही, हे सगळं त्याने हर्शेलला सांगितलं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारचं जेवण उरकून तो केबिनवर आला, तर दारावरच्या खाचेत एक गुलाबी कागद खोचलेला. 'आपल्या खात्यात नऊशे डॉलर शिल्लक आहेत. आज आमच्या दुकानांत त्यांचा आनंद घ्या. उद्या सकाळी रक्कम रद्द होईल.'

त्याने कागद दोनदा वाचला. मग चौकशीच्या टेबलासमोर जाऊन रांगेत उभा राहिला.

टेबलावरच्या पोराने पडद्यावर बघितलं. "कसिनोचे नऊशे आणि वरचे सत्तावीस तुमच्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर गेलेत, सर, बोटीवर चढताना नोंदवलेल्या. आमच्याकडे जमेतले पैसे कसिनोला चालत नाहीत. ते दुकानं, मालिश, दारू, फोटो यांना."

"पण जमेतले आधी जातात ना?"

"बाकी सगळीकडे आधी तेच जातात, सर. कसिनो सोडून."

"मग मी काढले ते कोणाचे पैसे?"

पोराला प्रश्न कळला नाही. "तुमचेच, सर," तो म्हणाला.

म्हणजे त्याने स्वतःचेच नऊशे स्वतःच्याच बुटात ठेवले होते, आणि तसं करायचे सत्तावीस डॉलर मोजले होते. नेल्डाचे जिथे होते तिथेच होते. कंपनीच्या घशात. उद्या सकाळी आवंढा गिळला की झालं.

हर्शेल वरच्या डेकवर गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडून बसला होता. लेलँड काठावर उभा राहिला, बूट घालून.

"चाललं नाही," तो म्हणाला. "सगळं बँकेच्या कार्डावर पडलं."

"काय सांगतोस." हर्शेलने तोंडावरचं पाणी पुसलं. "नियम बदलला असणार. चोर आहेत रे सगळे. दुसऱ्या कंपन्यांत अजून चालतं."

"उद्या सकाळी बुडणार ते."

"हं." हर्शेलने हाताने फेस बाजूला सारला. "एक काम होऊ शकतं. दागिन्यांच्या दुकानात एक कडं आहे. सोन्याचं, नऊशेच्या आसपास. फेच्या मनात भरलंय. ते तू तुझ्या खात्यावर घे. मी तुला रोख देतो."

लेलँडच्या छातीवरचा दगड हलला. "नऊशे?"

"चारशे."

"हर्शेल, कडं नऊशेचं आहे."

"दुकानात नऊशेचं. गॅल्व्हस्टनला उतरलं की चारशेचं. आणि तुझी जमा उद्या शून्याची. मी तुझ्यावर उपकार करतोय की तू माझ्यावर?"

"सातशे दे."

"तुझ्याकडे बघून पाचशे. बायको गेलीय तुझी, म्हणून. दुकान सहाला बंद होतं, लेलँड. ते घड्याळ काही मी लावलेलं नाही."

तिथेच त्याला ढकलून द्यावं असं लेलँडला वाटलं, पण तो आधीच पाण्यात होता. पाचशे तर पाचशे. काहीच नाही त्यापेक्षा काहीतरी घरी जाईल.

दुकानात विकणाऱ्या मुलीने कडं मखमलीवर ठेवलं आणि लेलँडकडे बघून हसली. "बायकोसाठी का?"

"हो," हर्शेल मागून म्हणाला. "नशीबवान बाई."

लेलँडने केबिनचं कार्ड पुढे केलं. जमा शून्यावर आली, वरचे काही डॉलर त्याच्याच बँकेच्या कार्डावर पडले. बाहेर जिन्याखाली हर्शेलने शंभराच्या पाच नोटा मोजून दिल्या, पिशवी घेतली आणि शीळ घालत गेला. लेलँड तिथेच उभा राहिला. नोटा गरम होत्या, हर्शेलच्या खिशातल्या. त्या नेल्डाच्या आहेत असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

रात्री जेवायला जाऊ नये असंच त्याच्या मनात होतं. पण केबिनमध्ये दुसरा, रिकामा बिछाना होता, म्हणून गेला.

फेने निळा झगा घातला होता आणि कडं उजव्या हातात. ती हात टेबलावर असा ठेवून बसली होती की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं.

"बघितलंस का, लेलँड? ह्याने घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दुकानातून काहीतरी आणलं, ते पण न मागता."

"छान आहे," लेलँड म्हणाला.

"मागच्या वर्षी माहितीये काय आणलं होतं? भिंतीवरचं घड्याळ. मासा आहे त्यात, शेपटी हलवतो. कसिनोतून पैसे काढायला गेला आणि सगळं बँकेच्या कार्डावर पडलं, मग जमा संपवायला शेवटच्या संध्याकाळी मिळेल ते उचललं."

"ती बोट वेगळी होती, फे," हर्शेल म्हणाला.

"वेगळी कुठली? हीच बोट. हेच टेबल म्हण. वायानलासुद्धा आपण आठवतोय." तिने वाढप्याकडे बघितलं. वायानने हसून मान हलवली आणि सूप ठेवलं.

लेलँडने चमचा उचलला नाही. तो हर्शेलकडे बघत होता. हर्शेल पावाला लोणी लावत होता, अगदी कडेपर्यंत, सावकाश.

"तुला माहीत होतं," लेलँड म्हणाला.

"कंपन्या नियम बदलत राहतात. वाटलं बदलला असेल."

"चौकशीला जाऊ नकोस, म्हणालास."

"सूप निवतंय, लेलँड."

"काय माहीत होतं?" फेने विचारलं.

मग लेलँडने तिला सांगितलं. आवाज चढवला नाही. हे कडं माझ्या बायकोच्या पैशांचं आहे, तो म्हणाला. ती गॅरेजमध्ये उभं राहून लोकांचे केस कापायची. तुझ्या नवऱ्याने मला खोटा रस्ता दाखवला, शेवटच्या दिवसापर्यंत अडकवून ठेवलं, आणि नऊशेचं पाचशेत घेतलं. पहिल्या दिवशी त्याने तिच्याबद्दल विचारलं ते यासाठी.

"पाचशे रोख मोजून घेतलेत," हर्शेल फेला म्हणाला. "कोणी हात पिरगाळला नव्हता. बुडणारे पैसे होते, मी अर्धे वाचवून दिले. याला उपकार कळत नाहीत."

फे कड्याकडे बघत होती. लेलँडला वाटलं, ही आता ते काढेल. काढून टेबलावर ठेवेल. त्याने ते घेतलं असतं की नाही हे त्याला माहीत नव्हतं. सोन्याच्या कड्याचं तो काय करणार होता? पण तिने ते काढावं, एवढ्यासाठी तो थांबला. तिने अंगठ्याने कड्यावरचा डाग पुसावा तसं काहीतरी केलं. मग हात टेबलावरून उचलला आणि मांडीवर, टेबलाच्या चादरीखाली ठेवला.

"मांस जरा जास्त शिजलंय आज," ती म्हणाली, जरी मांस अजून आलेलं नव्हतं.

दिवे मंद झाले. बाजा सुरू झाला, आणि वाढपी डोक्यावर केकची ताटं घेऊन रांगेने नाचत आले, शेवटच्या दिवशी येतात तसे. दालनभर लोक जेवणाचे रुमाल डोक्यावर फिरवू लागले. हर्शेल उभा राहून फिरवत होता, सगळे बिल्ले वाजत होते.

"फिरव की, लेलँड," तो म्हणाला. "तोंड पाडून किती दिवस बसणार?"

लेलँडचा रुमाल ताटाशेजारी घडीतच राहिला. वायान त्यांच्या टेबलाशी येऊन टाळ्या वाजवत थांबला, आणि फेने नाइलाजाने आपला रुमाल उचलला. डाव्या हाताने.