अडलेला चौथा धडा

कुसुमबाईंनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इंग्रजी शिकायला घेतले, ते हौसेपोटी नव्हे, अपमानापोटी. गेल्या वर्षी जयपूरच्या छावणीत निवृत्त आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नींचा वार्षिक सत्कार झाला. कमांडरसाहेबांच्या पत्नीने इंग्रजीत चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरे अनिमेषने, जयपुरातच स्थायिक झालेल्या त्यांच्या डॉक्टर मुलाने, परस्पर देऊन टाकली. साताऱ्याकडे भावकीची भांडणे एका शब्दात मिटवणारी बाई शाल पांघरून मुक्यासारखी बसून राहिली. पुढच्या वर्षी आपले उत्तर आपणच देणार, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवले.

नात संपदाने टॅबवर बोलते ॲप घालून दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेची ती मास्तरीण प्रश्न विचारी, उच्चार सुधारी, आणि मुख्य म्हणजे कधी वैतागत नसे. तीन धडे झाले. चौथ्यात तिने गोड आवाजात विचारले, “व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?”

कुसुमबाईंनी ओठ मिटले. मास्तरणीने पुन्हा विचारले.

“आजी, बोल ना! नीलकंठ, बस. मतलब, दोन सेकंदांचं काम.”

“लग्न झाल्यापासून जे नाव तोंडातून सरळ काढलं नाही, ते या पाटीपुढे काढू?”

“मग मी सांगते.”

“खबरदार! मागच्या वर्षी तुझ्या बापानं सांगितलं, आता तू सांग. मग मी शिकतेय कशाला?”

नाव घ्यायचे ते उखाण्यात, ही रीत. पण तो मानही सवाष्णीचा. सुभेदार नीलकंठराव जाऊन अकरा वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून कुसुमबाईंना कोणी ‘नाव घ्या’ म्हटले नव्हते. विचारले ते या यंत्राने. रीत ठाऊक नव्हती म्हणून का होईना, विचारले तर खरे! कुसुमबाईंच्या मनात काहीतरी ताठ उभे राहिले.

आठ दिवस त्या नातीकडून एकेक शब्द मागून घेत होत्या. नवव्या दिवशी टॅबसमोर ताठ बसून त्यांनी म्हटले,

“आमेर फोर्ट इज हाय, अँड द कॅमल्स वॉक स्लो;
नीलकंठ इज माय हजबंड, धिस मच यू शुड नो.”

मास्तरणीने प्रयत्नाचे कौतुक केले, एक तारा कापला आणि उत्तर एका लहान वाक्यात द्यायला सांगितले.

“हिला म्हणावं, मी उत्तर दिलंय. तुला कळलं नसेल तर तू पुन्हा शीक.”

अनिमेषने ऐकले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. “आई, समारंभात हे नको हं. आपल्याकडची चार मराठी घरं असतील तिथे. बाबा गेल्यावर उखाणा म्हणजे… लोक नावं ठेवतील.”

“लोकांनी नावं ठेवावीत, मी नाव घेईन. कुंकू पुसलं म्हणून माणूस पुसलं जात नाही, अनिमेष.”

यंदाच्या समारंभात कुसुमबाई नऊवारी नेसून गेल्या. सत्कार करणाऱ्या प्रमुख पाहुणीने हसून विचारले, “अँड युवर हजबंड्स नेम?” सवयीने अनिमेषचा हात माइककडे गेला. कुसुमबाईंनी नुसती मान वळवून त्याच्याकडे पाहिले. हात मागे आला. मग, शब्दाशब्दाला थांबत, त्यांनी उखाणा घेतला.

दुसऱ्या रांगेत एका वयस्क मराठी बाईंनी पदर तोंडाला लावून शेजारणीच्या कानात काही म्हटले. कुसुमबाईंनी थेट त्यांच्याकडे पाहून दोन्ही ओळी पुन्हा म्हटल्या, या वेळी न अडखळता. पाहुणीने टाळी वाजवली. मागून जवानांनी मंडप दणाणून सोडला. अनिमेष खाली पाहत होता, पण टाळी तोही वाजवत होता.

परतताना गाडीत संपदाने टॅब पुढे केला. “आजी, आता छोटं उत्तर देऊन टाकू या? चौथा धडा अजून अडलाय.”

“अडू दे,” कुसुमबाई शालीची घडी घालत म्हणाल्या. “मी पुढे गेले. तिला यायचं असेल, तर आधी उखाणा ऐकायला शिकू दे.”